घोडा बरा होतो आणि पुन्हा लंगडतो: फेटलॉकमागच्या सेसमॉइड हाडांचा माग कसा काढायचा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. घोडा पुढच्या पायाने लंगडतो, फेटलॉकच्या (खुराच्या थोडा वर असलेल्या सांध्याच्या) मागे थोडी सूज दिसते, हात लावला तर ऊब लागते. आठवडाभर विश्रांती, पाच दिवस वेदनाशामक, वर पट्टी. लंगडणं थांबतं. पंधरवड्याने घोडा कामाला लागतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या भरधावीनंतर पुन्हा तोच पाय, तीच सूज. मालक म्हणतो, पुन्हा मुरगळला. खरं तर पहिलंच दुखणं अजून आत असतं. वेदना थांबायला आठवडा पुरतो, पण अस्थिबंधाचे (लिगामेंटचे) तुटलेले धागे जुळायला सहा ते नऊ महिने लागतात. घोडा दर वेळी या दोन मुदतींच्या मध्येच कुठेतरी कामाला लावला जातो. दुसरं कारण त्याहून साधं आहे. दुखणं नेमकं कोणत्या भागात आहे हे कुणी ठरवलेलंच नसतं, ‘पाय दुखतो’ एवढ्यावर उपचार चाललेले असतात.

हाडं कुठे असतात आणि ती का सांधत नाहीत

घोडा प्रत्येक पायावर एकाच बोटाने उभा असतो. फेटलॉक म्हणजे त्या बोटाच्या मुळाचा सांधा, आपण मूठ वळल्यावर वर येतो तो. या सांध्याच्या मागच्या अंगाला दोन सेसमॉइड हाडं शेजारी-शेजारी बसलेली असतात, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. चार पायांची मिळून आठ. शिवाय प्रत्येक खुराच्या आत एक होडीच्या आकाराचं हाड असतं, नॅव्हिक्युलर. तेही सेसमॉइडच, आणि त्याचं दुखणं वेगळं वागतं. त्याच्याकडे पुढे वळू. सेसमॉइड हे नाव तिळावरून पडलं. माणसाच्या पायाच्या अंगठ्याखालच्या हाडांना ते शोभतं, घोड्याची ही हाडं मात्र मोठ्या सुपारीएवढी असतात.

त्यांचं काम समजायला खोगिराचा तंग डोळ्यांपुढे आणा. पट्टा वरून येतो, मध्ये बक्कल असते, पट्टा पुढे जातो. इथे वरचा पट्टा म्हणजे सस्पेन्सरी अस्थिबंध. तो गुडघ्याच्या खाली नळीच्या हाडाला, म्हणजे गुडघा ते फेटलॉक या लांब हाडाला, मागून चिकटलेला असतो. खाली येताना त्याच्या दोन फांद्या होतात आणि एकेक फांदी एकेका सेसमॉइडच्या बाहेरच्या अंगाला घट्ट रुजते. सेसमॉइडच्या बुडापासून दुसरे अस्थिबंध निघतात आणि खालच्या पेरांच्या हाडांना जाऊन मिळतात. सरळ अस्थिबंध दुसऱ्या पेरापर्यंत पोचतो, तिरपे आणि फुलीच्या आकाराचे पहिल्या पेरावरच थांबतात. मध्ये बक्कल म्हणजे ही दोन हाडं. भरधाव धावताना फेटलॉक जमिनीकडे दबतो तेव्हा अंगाचा सगळा भार पट्टे आणि बक्कल यांची ही झोळी तोलते. दोन सेसमॉइडच्या मधल्या गुळगुळीत खाचेतून पाय वाकवणारी टेंडनं (स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर) सरकत असतात. म्हणून हाडाला इजा झाली की टेंडनचं आवरणही सुजू शकतं.

बक्कल दोन्हीकडून ताणली जाते. सेसमॉइडला तडा गेला तर वरचा तुकडा वर आणि खालचा खाली ओढला जातो, आणि फट आपोआप रुंदावते. इतर हाडांवर असतं तसं जाड अस्थिआवरण इथे नसतं, त्यामुळे तुटलेल्या जागी हाडाचा भक्कम सांधा धरत नाही. बरेचदा मध्ये नुसता तंतूंचा दुवा तयार होतो. रक्तवाहिन्या हाडात बाहेरच्या अंगाने शिरतात आणि वरच्या टोकापर्यंत रक्त फारसं पोचत नाही. ‘हाड आहे, महिन्याभरात जुळेल’ हा हिशेब इथे लागू होत नाही.

आधी धोका वगळा

पुढची कुठलीही तपासणी करण्याआधी घोड्याकडे दुरून बघा. पाय अजिबात टेकत नसेल, फेटलॉक जमिनीकडे खचला असेल, किंवा धावता-धावता घोडा एकदम थांबून पाय उचलून उभा राहिला असेल, तर दोन्ही सेसमॉइड तुटलेली असू शकतात आणि झोळीच गेलेली असू शकते. अशा घोड्याला एक पाऊलही चालवू नका. तबेल्यात नेऊन बघू, हा विचार इथे सगळ्यात महागात पडतो. तुटकी हाडं रक्तवाहिन्या फाडतात आणि वाचण्याजोगा पाय हातचा जातो.

पुढचा पाय असेल तर एकाने पाय उचलून असा धरायचा की गुडघ्यापासून खुराच्या टोकापर्यंतची हाडं समोरून एका सरळ रेषेत येतील. टाच वर, टोक खाली. त्यावर कापसाचा पातळ थर. जाड थर दिला तर आत पाय हलत राहतो. मग पायाच्या पुढच्या बाजूला गुडघ्याच्या खालपासून खुराच्या टोकापर्यंत लाकडी फळी किंवा उभा चिरलेला पीव्हीसी पाइप लावून, न ताणणाऱ्या चिकटपट्टीने घट्ट बांधायचा. मागच्या पायाला फळी मागच्या बाजूने लावतात, हॉकच्या (मागच्या पायाच्या मधल्या सांध्याच्या) टोकापासून खुरापर्यंत. गाडीत पुढचा पाय जखमी असेल तर घोड्याचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला ठेवा, म्हणजे ब्रेक लागल्यावर भार मागच्या पायांवर जाईल. मागचा पाय असेल तर तोंड पुढे. गुंगीचं औषध डॉक्टरनेच, जपून द्यावं. झोकांड्या खाणारा घोडा फळीसुद्धा मोडतो.

पाय टेकतोय, चालतोय, फक्त दुडकीत लंगडतोय, एवढंच असेल तर पुढे वाचा.

जागा शोधणं

सकाळी, काम होण्याआधी, पट्टी काढून किमान तासभर गेल्यावर तपासा. पट्टीखालचा पाय नेहमीच कोमट लागतो आणि नुकताच धुतलेला पाय खोटा थंड लागतो. हाताची मागची बाजू वापरा, आणि प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या पायाच्या त्याच जागेशी तुलना करा. उन्हाळ्यात विदर्भात दुपारी चारही पाय तापलेले असतात, तेव्हा या तपासणीचा उपयोग नाही.

सुरुवात खुरापासून, सूज फेटलॉकला दिसत असली तरी. लंगडण्याचं सगळ्यात सामान्य कारण खुरातच असतं, आणि खुरात पू झाला की सूज वर फेटलॉकपर्यंत चढते. नाल ठोकून आठवडा झाला नसेल तर आधी खिळे बघा. एखादा खिळा आतल्या जिवंत भागाजवळ गेलेला असतो. प्रत्येक खिळ्यावर हलकी टकटक करा, मग खुराच्या चिमट्याने तळवा इंच-इंच दाबा. नाडीही इथेच लागते. सेसमॉइडच्या बाहेरच्या कडेवरून धमनी जाते, तिथे बोट ठेवलं की ठोके जाणवतात. निरोगी घोड्यात ते शोधावे लागतात. एका पायात ते ठणठणत असतील तर संशय खुरावर जास्त घ्या.

मग पाय उचला. फेटलॉक थोडा वाकवलेला असावा, म्हणजे मागची टेंडनं सैल पडतात आणि बोटं आतपर्यंत पोचतात. अंगठा आणि तर्जनीने प्रत्येक सेसमॉइड वेगळं धरा. वरचं टोक, बाहेरचं अंग, बूड, असं तीन ठिकाणी सावकाश दाबा. नंतर सेसमॉइडच्या लगेच वर, सस्पेन्सरीची फांदी चिमटीत धरून वरपर्यंत चाचपा. ती दोरीसारखी कडक आणि स्पष्ट कडांची लागायला हवी. ती जाड, मऊ किंवा कडा पुसट लागली तर दुखणं एकट्या हाडाचं नाही. शेवटी बुडाखालचे अस्थिबंध. काही घोडे कुठेही दाबलं तरी पाय ओढतात, म्हणून एकदा झालेल्या झटक्यावर विसंबू नका. त्याच जागी तीनदा दाबून तीनदा ओढला, आणि दुसऱ्या पायाला ओढला नाही, तरच नोंद करा.

फुगवटा कुठे आहे हे नीट बघितलं तर निम्मं निदान तिथेच होतं. नळीचं हाड आणि सस्पेन्सरीची फांदी यांच्या मधल्या खळग्यात, सेसमॉइडच्या वर मऊ गोळा असेल तर सांध्यात पाणी भरलंय. फुगवटा त्याच्या मागे, सस्पेन्सरी आणि मागच्या टेंडनच्या मध्ये असेल तर तो टेंडनच्या आवरणाचा. दोन्ही पायांना सारखाच, गार, न दुखणारा असा फुगवटा वयस्कर कामाच्या घोड्यांत नेहमी दिसतो, त्याच्यामागे लागू नका. बाजूने बघताना फेटलॉकच्या मागच्या रेषेत मध्येच खाच पडल्यासारखी दिसत असेल, जणू दोऱ्याने आवळलंय, तर तिथला आडवा अस्थिबंध जाड होऊन टेंडनला दाबतोय. तो वेगळा उपचार मागतो.

आता चालवून बघणं. कडक, सपाट जमिनीवर ३० मीटर सरळ दुडकी, लगाम सैल सोडून. दुखरा पाय टेकतो तेव्हा डोकं वर जातं, चांगला टेकतो तेव्हा खाली येतं. मागच्या पायासाठी डोक्यापेक्षा पुठ्ठ्यांची वर-खाली हालचाल बघा. मग दोन्ही दिशांना साधारण १० मीटर व्यासाचं रिंगण, एकदा कडक जमिनीवर, एकदा भुसभुशीत. खुराचं दुखणं बहुधा कडक जमिनीवर आणि तो पाय रिंगणाच्या आतल्या बाजूला असताना वाढतं. सस्पेन्सरीचं बहुधा मऊ जमिनीवर, पाय बाहेरच्या बाजूला असताना. हा ठोकताळा आहे, नियम नव्हे, पण पुढे कुठे बघायचं ते त्यावरून कळतं. मोबाइलवर संथ गतीचं चित्रण करा. खूर टोकावर आधी पडतो की टाचेवर, हे डोळ्यांनी दिसत नाही, त्यात दिसतं.

फेटलॉक वाकवून ६० सेकंद धरायचा आणि लगेच दुडकी लावायची, ही चाचणी उपयोगी असली तरी दोन अटी आहेत. पाय खुराच्या टोकाला धरून वाकवा आणि जोर दोन्ही पायांना सारखाच लावा. तडा असण्याची शंका असेल तर ही चाचणी करूच नका.

बधिरीकरणाचा फसवा निकाल

डॉक्टर खालून वर एकेक नस बधिर करत जातात आणि कुठल्या टप्प्यावर लंगडणं थांबतं ते बघतात. सेसमॉइडच्या बाबतीत इथे एक खड्डा आहे, आणि ‘खुराचा इलाज केला पण फरक नाही’ अशा कितीतरी घोड्यांची गोष्ट तिथेच सुरू होते. सेसमॉइडच्या बाहेरच्या अंगाला दिलेलं इंजेक्शन खूर आणि पेस्टर्न (खूर आणि फेटलॉकमधला भाग) बधिर करतं असं धरून चालतात. पण औषध जास्त दिलं किंवा सुई थोडी वर गेली तर ते फेटलॉकच्या खालच्या भागापर्यंत आणि सेसमॉइडच्या बुडापर्यंत पसरतं. लंगडणं थांबतं, निदान ‘खूर’ लिहिलं जातं आणि सेसमॉइड सुटतं. उपाय असा: आधी टाचेच्या पातळीवर खालची नस बधिर करून बघायची, तिथे फरक पडला नाही तरच वर जायचं. वरचं इंजेक्शन सेसमॉइडच्या बुडाशी आणि कमी मात्रेत, प्रत्येक बाजूला साधारण २ मिली. ५ ते १० मिनिटांत घोडा पुन्हा बघायचा. अर्ध्या तासाने बघितलं तर औषध वर सरकलेलं असतं.

आणि तड्याची शंका असताना बधिरीकरण नको. आधी एक्स-रे. वेदना नसलेला घोडा अर्धवट तडकलेल्या हाडावर पूर्ण भार टाकतो.

एक्स-रे मागताना

नुसता ‘फेटलॉकचा फोटो’ सांगितलं तर दोन फोटो निघतात आणि सेसमॉइड नळीच्या हाडाच्या सावलीत लपून राहतात. किमान चार हवेत: बाजूने, समोरून किंचित वरच्या कोनातून आणि दोन तिरपे. तिरप्या फोटोंत आतलं आणि बाहेरचं सेसमॉइड वेगवेगळं दिसतं. समोरचा फोटो वरच्या कोनातून घ्यायचा, म्हणजे सेसमॉइड सांध्याच्या वर सरकून मोकळी दिसतात. बाहेरच्या अंगाचा तडा शंकास्पद असेल तर त्या कडेला स्पर्शून जाणारा खास तिरपा फोटो सांगा. दुसऱ्या पायाचेही तेच कोन घ्या. ताजा, न सरकलेला तडा पहिल्या दिवशी दिसला नाही तरी १० ते १४ दिवसांनी दिसू शकतो, म्हणून स्वच्छ फोटोवर पूर्ण विश्वास टाकण्याआधी एकदा पुन्हा घ्या.

फोटोत तडा नसेल तर हाडातल्या रक्तवाहिन्यांच्या रेघा बघायच्या. निरोगी हाडात त्या बारीक, एकमेकींना समांतर असतात. २ मिमीहून रुंद, वाकड्या, कडा समांतर नसलेल्या दिसल्या तर हाड चिघळलेलं आहे. यालाच सेसमॉइडायटिस म्हणतात. शर्यतीच्या तरुण घोड्यांत अशा रेघा ठळक असल्या की पुढे सस्पेन्सरीच्या फांदीला इजा होण्याची शक्यता वाढते. म्हणून एक्स-रेत सेसमॉइडायटिस दिसला की सोनोग्राफी टाळू नका. हाड आणि फांदी हे एकच दुखणं दोन यंत्रांवर दोन रूपांत दिसतं, आणि फक्त एक्स-रे बघून सोडलेले घोडेच जास्त परत येतात. पुण्या-मुंबईतल्या शर्यतीच्या तबेल्यांपर्यंत हलतं एक्स-रे यंत्र पोचतं. इतरांनी जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात, किंवा परळ आणि शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत चौकशी करावी.

नॅव्हिक्युलर की वरची सेसमॉइड

हे आधी ठरलं नाही तर नालच उलटी पडते. नॅव्हिक्युलरचा घोडा बहुधा दोन्ही पुढच्या पायांनी दुखावलेला असतो. लांब टांग टाकत नाही, खूर टोकावर आधी टेकतो, उभा असताना पाय पुढे काढून ठेवतो. एका पायाची टाच बधिर केली की दुसऱ्या पायाने लंगडायला लागतो. चिमट्याने तळव्यातल्या त्रिकोणी मऊ भागाच्या मध्यावर दाबलं की दुखतं, पण बऱ्याच घोड्यांत तेही दुखत नाही.

त्याला टाच थोडी उंच करून आराम मिळतो, कारण नॅव्हिक्युलरच्या मागून जाणाऱ्या खोल टेंडनचा ताण कमी होतो. पण टाच उंच केली की फेटलॉक जास्त दबतो आणि सस्पेन्सरीवरचा भार वाढतो. नॅव्हिक्युलरसाठी सांगितलेली पाचर सेसमॉइडच्या घोड्याला लावली तर घोडा हळूहळू बिघडतो, आणि ‘नाल बदलली तरी फरक नाही’ अशी तक्रार येते. सेसमॉइडच्या घोड्याला टोक आखूड, टाचेला पुरता आधार आणि आत-बाहेर समतोल खूर हवा. खुराची एक बाजू काही मिलिमीटर जरी उंच राहिली तरी झोळीची एकच फांदी सगळा झटका खाते. नालबंदाला दर ४ ते ६ आठवड्यांनी बोलवा. आठ आठवडे गेले की टोक वाढतं, टाच खाली दबते आणि केलेली मेहनत वाया जाते. पावसाळ्यात घसरू नये म्हणून पुढच्या नालेच्या टोकाला उंच दाता लावण्याची सवय असेल तर सोडा. शर्यतीच्या घोड्यांत अशा दात्यांचा झोळी तुटण्याशी संबंध दिसून आलेला आहे.

औषधं

वेदनाशामक मात्रा वजनावर ठरते, आणि वजन बहुतेक ठिकाणी अंदाजाने धरतात. फीत घ्या. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा, ११,८८० ने भागा. घेर १६० आणि लांबी १५० असेल तर वजन सुमारे ३२३ किलो. फेनिलब्युटाझोन २.२ मिग्रॅ प्रति किलो धरलं तर एका वेळची मात्रा ७१० मिग्रॅच्या आसपास येते. शर्यतीच्या ५०० किलोच्या घोड्याची १ ग्रॅमची पुडी या घोड्याला दिली तर जवळजवळ दीडपट होते. हे औषध इंजेक्शनने द्यायचं असेल तर फक्त शिरेत. स्नायूत दिलं की मांस सडतं. दोन वेदनाशामकं एकत्र नकोत, आणि घोडा पाणी कमी पीत असेल तर एकही नको. आतड्याला आणि मूत्रपिंडाला इजा होते.

गिधाडांसाठी आणखी एक गोष्ट, कारण मेलेल्या जनावराच्या मांसातून काही वेदनाशामकं त्यांच्या पोटात जातात आणि ती मरतात. डायक्लोफिनॅक जनावरांना द्यायला भारतात २००६ पासून बंदी आहे, केटोप्रोफेन आणि ॲसेक्लोफिनॅकवर २०२३ पासून. माणसांच्या दुकानातली कुपी आणून देण्याची पद्धत अजून दिसते. ती थांबवा. मेलोक्झिकॅम गिधाडांना सुरक्षित मानलं जातं, मात्रा डॉक्टरांकडून घ्या.

सगळ्यात मोठी चूक मात्र अशी की वेदनाशामक चालू असताना घोडा ‘बरा’ ठरवणं. पायाची परीक्षा औषध थांबवून तीन-चार दिवसांनी करा. सांध्यात स्टेरॉइड दिलं असेल तर तीच गोष्ट जास्त काळ लागू होते. शॉकवेव्ह (दाबलहरींचा) उपचारही काही दिवस वेदना बोथट करतो, त्या दिवसांत जोराचं काम नको.

बिब्बा लावणं आणि डाग देणं अजून चालतं. त्याने कातडी भाजते, वर नवी सूज येते, घोडा दुखण्यामुळे जागचा हलत नाही. जो काही फायदा दिसतो तो या सक्तीच्या विश्रांतीचा. शिवाय त्या जागी पुढे हाताने चाचपणं आणि सोनोग्राफी दोन्ही अवघड होऊन बसतात.

विश्रांतीचा हिशेब

तडा नाही, पण सेसमॉइडायटिस आणि फांदीला इजा आहे, अशा घोड्यासाठी साधारण आराखडा असा.

पहिले १४ दिवस १२ बाय १२ फुटांच्या खोलीत, खाली जाड बिछाना. दिवसातून तीनदा २० ते ३० मिनिटं बर्फाचं पाणी, गुडघ्याच्या खालपर्यंत. उन्हाळ्यात नळाचं पाणी थंड नसतं, बर्फाची लादी फोडून बादलीत घाला. पट्टी दोन्ही पायांना बांधा, कारण चांगला पाय जादा भार घेतोय. कापसाचा थर किमान एक इंच, रोज उघडून पुन्हा बांधा.

तिसऱ्या आठवड्यापासून हातात धरून फक्त चालवणं. १० मिनिटांनी सुरुवात, दर आठवड्याला ५ मिनिटं वाढ. आठव्या आठवड्याअखेर ३५ ते ४० मिनिटं होतात. इथे घोडा पूर्ण बरा दिसतो, उड्या मारतो, आणि मालकाचा धीर सुटतो. आठव्या आठवड्याला सोनोग्राफी करा. धागे भरून येताना दिसले तर खोगीर घालून चालवा, आणखी आठ आठवडे. भरलेले नसतील तर आहे त्याच टप्प्यावर राहा, तारीख पुढे गेली म्हणून टप्पा पुढे नको.

सोळाव्या आठवड्याच्या आसपास दुडकी, सरळ रेषेत, एकूण ५ मिनिटं. दर दोन आठवड्यांनी ५ मिनिटं वाढवा. रिंगण अजून नको. सहाव्या महिन्यात पुन्हा सोनोग्राफी, मग पुढची चाल. भरधाव आठ-नऊ महिन्यांआधी नाही. एका वेळी एकच गोष्ट वाढवा. वेग वाढवला त्या आठवड्यात अंतर तेच ठेवा. फांदी शाबूत असेल आणि हाड किंचितच चिघळलं असेल तर हाच आराखडा तीन-चार महिन्यांत बसतो, पण ते सोनोग्राफीने ठरावं.

मोकळ्या कुरणात सोडणं ही विश्रांती नव्हे. महिनाभर कोंडलेला घोडा सोडला की पहिल्या पाच मिनिटांत जेवढं धावतो, तेवढं त्याला पुढचे चार महिने धावू द्यायचं नसतं.

तडा सापडला तर

सगळं तडा कुठे आहे यावर ठरतं. वरच्या टोकाचा लहान तुकडा, हाडाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी, हा त्यातल्या त्यात बरा. दुर्बिणीने काढून टाकतात, फांदी फारशी फाटलेली नसेल तर घोडा चार-सहा महिन्यांत कामाला येऊ शकतो. पुढच्या पायातल्या आतल्या सेसमॉइडचा तुकडा मात्र मागच्या पायापेक्षा वाईट निकाल देतो. मधोमध तुटलेल्या हाडाला स्क्रू किंवा तार लागते, आणि शर्यतीत परतण्याची आशा मर्यादित. बुडाचा तुकडा त्रासदायक, कारण खालचे अस्थिबंध तिथेच रुजलेले असतात. दोन्ही हाडं मधोमध गेली तर प्रश्न काम करण्याचा उरत नाही, घोडा वाचवता येतो का एवढाच उरतो.

कॅलिफोर्नियात शर्यतीच्या मैदानावर मेलेल्या घोड्यांचं शवविच्छेदन १९९० पासून नियमाने होतं. तिथे पायाच्या जीवघेण्या इजांमध्ये सेसमॉइडचे तडे सगळ्यात वरचढ ठरले, आणि तुटलेल्या अनेक हाडांत आधीपासूनच्या थकव्याच्या खुणा सापडल्या. दर पंधरा दिवसांनी उठणारी ती किरकोळ ऊब म्हणूनच दुर्लक्ष करण्याजोगी नसते.

शिंगरांचा प्रकार वेगळा. पहिल्या काही आठवड्यांत घोडीमागे मोठ्या कुरणात दमेपर्यंत धावलं की त्यांची कोवळी सेसमॉइड तडकतात. बहुतेक वेळा चार ते आठ आठवडे लहान जागेत ठेवल्यावर ती भरतात. बरेच दिवस कोंडलेली घोडी शिंगरासह एकदम मोठ्या रानात सोडू नका, आधी लहान वाडा द्या.

सगळं केलं तरी परत येतंय

मग काम आणि चारा बघा. पुणे जिल्ह्यात घाटात, म्हणजे बैलगाडा शर्यतीच्या धावपट्टीवर, गाड्यापुढे धावणारी घोडी आठवडाभर दावणीला असते आणि एका दिवशी कडक मुरमावर जीव तोडून पळते. हाडाला आणि अस्थिबंधाला हळूहळू चढत जाणारा भार सोसतो, आठवड्यातून एकदा येणारा धक्का सोसत नाही. मधल्या दिवसांत रोजची दुडकी आणि एखाद-दोन छोट्या वेगवान धावा हव्यात. माथेरानसारख्या उतारावरच्या घोड्यांत पुढच्या फेटलॉकवर भार उतरतानाच जास्त येतो. दुखऱ्या घोड्याला किमान उतरणीवर स्वार देऊ नका.

चाऱ्यात गव्हाचा कोंडा भरपूर असेल तर कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस फार, असं होतं. एक किलो कोंड्यात सुमारे ११ ग्रॅम फॉस्फरस आणि जेमतेम १ ग्रॅम कॅल्शियम असतं, तर घोड्याला हवं त्याच्या उलट, दीड ते दोन भाग कॅल्शियमला एक भाग फॉस्फरस. शरीर मग हाडांतून कॅल्शियम उपसतं, आणि घोडा आज एका पायाने, पुढच्या महिन्यात दुसऱ्याने लंगडतो. संकरित नेपिअरसारख्या गवतातलं ऑक्झॅलेट उरलंसुरलं कॅल्शियमही बांधून ठेवतं. कोंडा कमी करा, लसूणघास वाढवा, गरज पडली तर डॉक्टरांच्या सल्ल्याने चुनखडीची पूड.

पहिल्या भरधावीनंतरच्या सकाळी, घोडा खोलीबाहेर काढण्याआधी, दोन्ही सेसमॉइड आणि दोन्ही फांद्या चाचपा. आदल्या दिवसापेक्षा ऊब जास्त असेल किंवा फांदीची कड पुसट लागली तर लंगडण्याची वाट बघू नका, दोन टप्पे मागे जा. हीच तपासणी पुढचे सहा आठवडे प्रत्येक वेगवान कामानंतर करा आणि तबेल्याच्या दारावरच्या पाटीवर तारीख, पाय, बाजू लिहून ठेवा.